चार इंच

समुद्राच्या इतिहासाचं म्युझियम म्हटलं की लोकांना वाटतं, तिथे येणारा माणूस जहाजांबद्दल काहीतरी विचारत असेल. कसलं काय! चौदा वर्षं दारात बसून मिस्त्रीने ऐकलेला पहिल्या नंबरचा प्रश्न म्हणजे, "बाथरूम कुठे आहे?" आणि दुसऱ्या नंबरचा, "आत पंखा आहे का?" तिसरा प्रश्न विचारण्याइतका वेळ फारसं कोणी थांबतच नसे.

म्युझियम तरी केवढं, धक्क्याजवळच्या जुन्या गोदामाच्या तीन खोल्या. पहिलीत नांगर, दोरखंड आणि दोन होकायंत्रं. दुसरीत काचेच्या पेट्यांमध्ये जहाजांच्या लहान प्रतिकृती. तिसरी खोली मात्र एकाच जहाजाची. गावातल्याच पंधरा जणांनी चालवलेलं, गावाच्या धक्क्यावरून निघालेलं आणि एकोणतीस वर्षांपूर्वी परतीच्या वाटेवर बुडालेलं ते मालवाहू जहाज. पंधरातले सहा होडीत बसून वाचले, नऊ गेले. वाचलेल्या सहांपैकी आता गावात एकटा मिस्त्री उरला होता. म्हणून तर त्याला ही नोकरी मिळाली. बाकीच्या वस्तू होत्या तशीच ही एक, फक्त हिला काचेची पेटी नव्हती.

जहाजावरच्या सुताराला मिस्त्री म्हणतात. लोखंडी जहाजावर सुताराचं काय काम, असं विचारणारे शहाणे भेटतात कधीकधी. काम भरपूर असतं हो! दारं, झाकणं, शिड्या, होड्या, सगळं त्याच्याच गळ्यात. आणि त्याहून मोठं काम म्हणजे जहाजाच्या तळाशी साचणारं पाणी मापणं. सकाळी आठला आणि दुपारी चारला. सळईला खडू चोळायचा, दोरी बांधून ती नळीतून तळापर्यंत सोडायची, वर ओढायची आणि खडू कुठवर भिजलाय ते बघायचं. मग आकडा कप्तानाला सांगायचा, कप्तान तो वहीत लिहिणार. पाच मिनिटांचं काम. पण ते करायला डेकच्या पार पुढच्या टोकाला जावं लागतं, आणि समुद्र उसळलेला असला की तिथून माणूस न्हाऊनच परत येतो.

मिस्त्रीने लग्न केलं नव्हतं. कोणी विचारलं तर म्हणायचा, "राहून गेलं." जसं काही बाजारातून मीठ आणायचं राहून गेलं! त्याची मोठी बहीण परगावी होती, ती दर रविवारी फोन करून विचारायची, "जेवलास का?" तो "हो" म्हणायचा, आणि मग दोघंही पुढे काय बोलावं याचा विचार करत फोन धरून बसायचे. घरी एक पलंग, एक स्टोव्ह आणि त्याने स्वतः केलेलं एक टेबल. टेबल झकास होतं. समोर बसायला दुसरं कोणी नव्हतं, एवढंच.

पण मंगळवारी तो इस्त्रीचा शर्ट घालायचा.

मंगळवारी दुपारी तीन वाजता वहिनी यायची. वहिनी म्हणजे त्याच बुडालेल्या जहाजाच्या इंजिनिअरची बायको. इंजिनिअर नऊ जणांतला एक. आता लगेच गालातल्या गालात हसू नका. त्यात प्रेमबिम काही नव्हतं. साठी ओलांडलेली बाई, गुडघे दुखतात म्हणून कठड्याला धरून चढायची, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. तिसऱ्या खोलीत खिडकीखाली एक बाकडं होतं, त्यावर ती बसायची. समोर काचेच्या पेटीत कप्तानाची वही उघडी ठेवलेली असे. जहाज सोडताना कप्तानाने ती कोटाच्या आत खुपसून आणली होती. तो वारल्यावर त्याच्या मुलाने ती म्युझियमला दिली, त्याला आता अकरा वर्षं झाली. कप्तानाचं अक्षर म्हणजे ओल्या पायांनी मुंगी कागदावरून गेल्यासारखं. गावात ते वाचता येणारा एकच माणूस, मिस्त्री.

"भावजी, आज काय लिहिलंय?" ती विचारायची. पान दहा वर्षं तेच होतं, प्रवासाच्या अकराव्या दिवसाचं, पण विचारल्याशिवाय तिची सुरुवात व्हायची नाही. तो वाचायचा. वारा कुठला, वेग किती, स्वयंपाक्याचा हात भाजला. "इंजिनिअरने डावा पंप खोलून साफ केला." हे वाक्य आलं की ती मान हलवायची. वाचून झालं की मग दोघं बोलायचे. तिच्या नळाचं गळणं, त्याच्या बहिणीचा रक्तदाब, धक्क्यावर नव्याने लावलेले ते भयंकर दिवे. तासभर. चारला ती उठायची.

ती नेहमी भिंतीकडे पाठ करून बसायची, आणि का, ते मिस्त्रीला ठाऊक होतं. त्या भिंतीवर पाटी होती. चौकशीतून निघालेला निष्कर्ष त्या पाटीवर दोन ओळींत लिहिला होता: इंजिनिअरच्या हातून तळाची झडप उघडी राहिल्याने जहाजात पाणी शिरलं. नऊ जणांचा अंत.

त्या दोन ओळींनी त्या बाईचं काय केलं, ते एका दमात सांगता येणार नाही. आठ घरांतली माणसं तिच्या नवऱ्याने मारली, असं गावाने धरलं. तोंडावर कोणी काही बोललं नाही. पण नळावर ती गेली की बाकीच्या बायकांच्या घागरी पटापट भरून व्हायच्या. मागून तिला 'झडपवाली' म्हणायचे. मुलीचं ठरत आलेलं लग्न एकदा मोडलं. शेवटी लांब कुठेतरी झालं, आणि त्या मुलीने सासरी सांगितलं की वडील आजाराने गेले. त्यामुळे वडलांचा विषय निघेल या भीतीने ती माहेरी यायची नाही. नऊ जणांच्या आठवणीत दरवर्षी धक्क्यावर सगळे जमायचे, तिथे वहिनी कधी गेली नाही. नवरा तिचाही गेला होता, पण रडायला तिला जागा नव्हती.

आणि झडप उघडी नव्हतीच. हे जगात फक्त मिस्त्रीला माहीत होतं.

त्याचं असं झालं होतं. प्रवासाचा एकोणिसावा दिवस. जेवणानंतर समुद्र उसळला होता. मिस्त्री डेकवरून भिजून आला होता, अंग पुसून नुकतेच कोरडे लोकरीचे मोजे पायांत चढवले होते. चार वाजले. पुन्हा पुढे जायचं, पुन्हा भिजायचं. अठरा दिवस सकाळ-दुपार मापत आलो, अठरा दिवस चार इंचच आहे. आज काय वेगळं असणार? त्याने कप्तानाला जाऊन सांगितलं, "चार इंच." कप्तानाने लिहिलं. साडेसहाला इंजिनखोलीत गुडघाभर पाणी होतं. इंजिनिअर पंप चालू ठेवायला खाली थांबला आणि खालीच राहिला. आठच्या आत जहाज गेलं.

चौकशीला तीन साहेब बसले होते. त्यांनी विचारलं, "चार वाजता तुम्ही स्वतः मापलंत?" मिस्त्री म्हणाला, "हो साहेब. चार इंच." त्याला वाटलं, आपली नोकरी वाचली. साहेबांनी हिशोब केला. चारला चार इंच आणि साडेसहाला गुडघाभर, म्हणजे एवढं पाणी अडीच तासांत आलं. पत्र्याच्या सांध्यातून झिरपून एवढं येत नाही. मग कोणीतरी झडपच उघडी टाकली असणार. झडप इंजिनिअरकडे. इंजिनिअर बोलायला शिल्लक नाही. झालं! निकाल वाचून दाखवला तेव्हा मिस्त्री मागच्या रांगेत बसला होता. उठून दोन शब्द बोलायचे होते फक्त. पाय उचलले नाहीत. आणि एकदा नाही उचलले की दुसऱ्या दिवशी ते आणखी जड होतात. असं करत करत एकोणतीस वर्षं गेली. भित्रा माणूस! दुसरा शब्द नाही त्याला, आणि तो स्वतःही स्वतःला हाच शब्द वापरायचा.

मग दीडेक वर्षापूर्वी म्युझियमला नव्या मॅडम आल्या. तिशीतल्या, चुणचुणीत, वस्तूंची निगा कशी राखायची ते रीतसर शिकून आलेल्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी वहीकडे बघून कपाळाला हात लावला.

"दहा वर्षं एकच पान उघडं? मिस्त्रीकाका, उजेडाने शाई उडते! दर महिन्याला एक पान उलटायचं. एक तारखेला. हातमोजे घालून. तुम्हीच उलटा, तुमचा हात हलका आहे."

मिस्त्रीने मनातल्या मनात पानं मोजली. उघडं पान अकराव्या दिवसाचं. एका दिवसाला एक पान. एकोणिसाव्या दिवसापर्यंत आठ पानं, आठ महिने.

वहिनीला मात्र कोण आनंद! बाराव्या दिवसाचं पान लागलं, त्या मंगळवारी ती दहा मिनिटं आधीच आली. "इंजिनिअरची दाढ दुखते. लवंग दिली. रजा मागितली नाही," मिस्त्रीने वाचलं, आणि ती खळखळून हसली. "जहाजावर शूर हो! घरी असते तर अख्खं घर डोक्यावर घेतलं असतं." दहा वर्षांत तिला असं हसताना त्याने पाहिलं नव्हतं. नवरा जाऊन एकोणतीस वर्षं झाली आणि आता महिन्यातून एकदा त्याची नवी खबर यायला लागली होती. चौदाव्या दिवशी त्याने स्वयंपाक्याशी भांडण केलं. पंधराव्या दिवशी दोघांचं मिटलं. ती महिनाभर त्या एका ओळीवर बोलायची. स्वयंपाकी कसा दिसायचा, भांडण कशावरून झालं असेल, मिटवलं कोणी. मिस्त्रीला आठवेल तेवढं तो सांगायचा, आणि त्याला पुष्कळ आठवायचं.

प्रत्येक पानाच्या तळाशी एक ओळ असायचीच. "मिस्त्री: सकाळी चार इंच, दुपारी चार इंच." ती आली की वहिनी म्हणायची, "आली बघा भावजी तुमची ओळ! तुमचं आपलं नेहमीचं. चार म्हणजे चार." आणि तो हसायचा. कसा हसायचा, त्याचं त्यालाच माहीत.

सतरावं पान लागल्यावर त्याची झोप उडाली. त्याने मॅडमना सांगून पाहिलं की पुढची पानं फार नाजूक आहेत, फाटतील. मॅडमनी भिंग लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "उलट ही जास्त चांगली आहेत." पुढच्या महिन्यात पेटीची किल्ली हरवली. शोधाशोध झाली, मिस्त्री स्वतः बाकड्याखाली वाकून शोधत होता, आणि किल्ली त्याच्याच खिशात! सदुसष्ट वर्षांचा माणूस, आणि शाळेत न जायला पोट दुखतं म्हणणाऱ्या पोरासारखा वागत होता. मॅडमनी तिसऱ्या दिवशी दुसरी किल्ली करून आणली. अठरावं पान लागलं.

आणि मग एक तारीख आली. त्याने हातमोजे घातले आणि पान उलटून एकोणिसावं लावलं. नंतरची सगळी पानं कोरी होती.

मंगळवारी वहिनी आली. तिलाही कळत होतं की हे शेवटचं. बाकड्यावर बसली, पदराने चष्मा पुसला. "वाचा भावजी. सावकाश वाचा."

त्याने वाचलं. वारा वायव्येचा. समुद्र खवळलेला. उजव्या बाजूच्या होडीचा दोर बदलला. "इंजिनिअर म्हणाला, घरी पोचल्यावर मुलीला सायकल घ्यायची आहे, आतापासून सगळ्यांना विचारतो आहे कुठली घ्यावी." कप्तानालाही कशी बुद्धी झाली ते लिहायची! वहिनीने तोंडावर हात दाबला. मिस्त्री थांबला. "पुढे," ती म्हणाली.

"मिस्त्री: सकाळी चार इंच. दुपारी..."

त्याने काचेवर बोट टेकवलं.

"चार इंच," वहिनी म्हणाली. "म्हणा ना. त्यात काय वाचायचंय?"

"मी मापलं नव्हतं, वहिनी."

"काय?"

"दुपारी. मी गेलोच नाही पुढे. नुसतं सांगितलं चार इंच."

तिला काही कळलं नाही. कसं कळणार? मग त्याने सगळं सांगितलं. सळई, खडू, साहेबांचा हिशोब. पाणी सकाळपासूनच चढत असणार. चारला मापलं असतं तर चारलाच सगळे पंप लागले असते. झडपेचा काही संबंध नव्हता. "ते झडप विसरणारे नव्हते. रोज दोनदा हात लावून बघायचे. मी बघितलंय." हे सगळं तो वहीकडे बघत बोलला. तिच्याकडे बघायची त्याची हिंमत नव्हती.

तिने पेटीवर वाकून ती शेवटची ओळ पाहिली. मग म्हणाली, "का नाही गेलात पुढे?"

"मोजे," तो म्हणाला. "कोरडे मोजे घातले होते."

वहिनी उठली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा वळून तिने भिंतीवरची ती पाटी सरळ बघितली, दोन्ही ओळी वाचल्या. "हे आणखी कोणाला सांगितलंत?"

"कोणालाच नाही."

"मॅडम आहेत ना ऑफिसात? चला. आत्ता सांगा. माझ्यासमोर."

त्याने सांगितलं. मॅडमनी लिहून घेतलं, त्याने सही केली. सही अगदी स्वच्छ आली. वहिनी दारात उभी राहून बघत होती. सही झाल्यावर ती निघून गेली.

त्यानंतर तीन महिने कागद इकडून तिकडे फिरले. समितीच्या बैठका झाल्या, जुन्या चौकशीची फाईल निघाली, कोणीतरी जाणकार इंजिनिअर बोलावला, त्याने मान डोलावली. शेवटी जुनी पाटी निघाली. ती मिस्त्रीनेच काढली, कारण म्युझियममध्ये स्क्रूड्रायव्हर धरता येणारा दुसरा कोणी नव्हता. नव्या पाटीवर लिहिलं होतं की पाण्याची खोटी नोंद झाल्यामुळे धोका वेळेवर कळला नाही, आणि इंजिनिअर शेवटपर्यंत पंपापाशी थांबला. मिस्त्रीचं नाव घातलं नव्हतं. घालायची गरज काय? गावात मिस्त्री एकच होता.

गाव मग जे करतं ते गावाने केलं. चहावाला मिस्त्रीसमोर न बोलता ग्लास ठेवायला लागला, पुढे तोही ठेवेनासा झाला. नऊ घरांतला एक म्हातारा रस्त्यात त्याच्या पायाजवळ थुंकला. बहिणीच्या कानावर गेलं. त्या रविवारी फोन आला नाही, त्याच्या पुढच्याही रविवारी नाही. नोकरी मॅडमनी ठेवली. "ही वही वाचता येणारे तुम्ही एकटेच आहात," एवढंच म्हणाल्या, आणि पूर्वी 'मिस्त्रीकाका' म्हणायच्या ते आता नुसतं 'मिस्त्री' म्हणू लागल्या. तो तक्रार करत नव्हता. कुठल्या तोंडाने करणार?

वहिनीचं मात्र चांगलं झालं, आणि त्याचा मिस्त्रीला खरोखर आनंद झाला. नळावरच्या बायका तिच्यासाठी थांबायला लागल्या. स्वयंपाक्याची बायको तिच्या घरी जाऊन गळ्यात पडून रडली म्हणे. मुलगी नवऱ्याला आणि दोन मुलांना घेऊन आली, आठ दिवस राहिली. धक्क्यावर सगळे जमले तेव्हा वहिनीला पुढे उभं केलं. मिस्त्रीने ते म्युझियमच्या खिडकीतून पाहिलं.

मंगळवार येत होते आणि जात होते. शर्टाला इस्त्री करायची सवय सुटली नव्हती. तीन वाजता तो तिसऱ्या खोलीत जाऊन उगाच काच पुसायचा, आणि चार वाजता बाहेर यायचा. मनातून त्याला वाटायचं, येईल. रागावली असेल, पण येईल. इतक्या वर्षांचं बसणं-उठणं असं तुटतं का कुठे? आठ महिन्यांत तिला नवऱ्याचे आठ दिवस त्यानेच वाचून दाखवले होते. खरं तर आपणच शेवटी सांगितलं, कोणी पकडलं नव्हतं, हेही ती कधीतरी लक्षात घेईल. माणूस आशेला किती लाचार होतो बघा!

सहाव्या महिन्यात ती आली. मंगळवारी नाही, शुक्रवारी सकाळी. मिस्त्री धडपडून उठला. "या वहिनी, बसा," म्हणाला, आणि तिसऱ्या खोलीत बाकडं पुसायला पुढे धावला. ती त्याच्यामागे आली, पण बसली नाही. नव्या पाटीसमोर उभी राहून तिने ती दोनदा वाचली. मग त्याच्याकडे वळली. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, असं त्याला नंतर वाटलं.

"एक सांगायचं राहिलं होतं, म्हणून आले," ती म्हणाली. "तुम्हाला वाटत असेल, मी ती वही ऐकायला येत होते. दहा वर्षं एकच पान कोण ऐकेल हो? सगळं गाव यांना दोष देत होतं. एकट्या तुमच्या तोंडून कधी वाकडा शब्द आला नाही. उलट यांचं नाव निघालं की तुमचे डोळे भरायचे. मला वाटायचं, या गावात एक माणूस तरी आहे ज्याचा यांच्यावर विश्वास आहे. त्याच्याशेजारी तासभर बसलं की मला आठवडा काढता यायचा."

मिस्त्रीने ओठ उघडले. तिने हात वर करून थांबवलं.

"तो विश्वास नव्हता ना? तुम्हाला नुसतं माहीत होतं."

मिस्त्री "हो" म्हणाला. ती कठड्याला धरून पायऱ्या उतरली, आणि त्यानंतर म्युझियममध्ये कधी आली नाही.